विंचू कोकणातला, पुरावा ॲरिझोनाचा?

‘एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन’ हा शब्द १९९१ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या गॉर्डन गायट यांनी छापील लिखाणात आणला. आपल्याकडे त्याला पुराव्यावर आधारित वैद्यक म्हणतात, वॉर्डात नुसतं ‘ईबीएम’: उपचार सवयीने नव्हे, संशोधनात काय दिसलं त्यावरून ठरवायचे. मागच्या अंकातल्या याच विषयावरच्या टिपणावर बरीच पत्रं आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. विंचूदंशाच्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, त्याला तसं कारण होतं.

सासऱ्यांना न्यूमोनियासाठी दाखल केलं होतं. राउंडला येणारे डॉक्टर दर वेळी मोबाइलवर काहीतरी बघून मगच केसपेपरवर लिहायचे. इतकं शिकलेल्या माणसाला बघून लिहावं लागतं, हे काही पटलं नाही. (गृहिणी, सांगली)

बघून लिहिणाऱ्यापेक्षा न बघता लिहिणाऱ्याची धास्ती घ्यावी. ते मोबाइलवर बहुधा दोन गोष्टी बघत असणार: औषधाचा डोस, आणि रोगाच्या उपचारांचा तयार गोषवारा. ‘अपटूडेट’ किंवा ‘बीएमजे बेस्ट प्रॅक्टिस’ हे असे गोषवारे. तज्ज्ञ मंडळी मूळ शोधनिबंध वाचून ते लिहितात आणि नवं काही आलं की बदलतात. वर्गणी भरावी लागते.

बघण्याची गरज का पडते ते एका हिशेबावरून कळेल. समजा रुग्ण ७८ वर्षांचा पुरुष आहे, वजन ५० किलो, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) १.४. रिपोर्टवर हा आकडा फारसा भीतिदायक दिसत नाही. पण नेहमीच्या सूत्रात घाला: १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ५०, भागिले ७२ गुणिले १.४. उत्तर येतं साधारण ३१. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३१ मिलिलिटर, तरुण निरोगी माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिलिग्रॅम रोज एकदा देतात, ते अशा रुग्णाला दिवसाआड द्यावं लागतं. ही कोष्टकं पाठ असणारा डॉक्टर हुशार खरा, पण रात्रीच्या ड्यूटीनंतर पाठांतरावर भिस्त ठेवू नये.

याच औषधात आणखी एक गोम आहे. परदेशी गोषवाऱ्यात न्यूमोनियासाठी लेव्होफ्लॉक्सासिन सहज सुचवलेलं दिसतं. भारतात मात्र छातीविकार तज्ज्ञांच्या २०१२च्या सूचना सांगतात की, आधी जंतू कळलेला नसताना लेव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं वापरू नका. कारण टीबी. हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं, रुग्णाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. मोबाइलवर बघणं बरोबरच, पण बघितलेलं आपल्या गावचं आहे का तेही बघायला लागतं.

आणि बघूनही चुका होतात. सगळ्यात नेहमीची चूक ‘एका वेळचा डोस’ आणि ‘दिवसाचा डोस’ यांच्या गोंधळाची. पॅरासिटामॉल मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅम एका वेळी, सहा तासांनी, म्हणजे दिवसाला ६०. बारा किलोच्या मुलाला एका वेळी १८० मिलिग्रॅम. कुणी ६०चा आकडा एका वेळचा समजलं तर तेच ७२० होतात, आणि तेही दिवसातून चारदा. वर बाजारात सिरप दोन ताकदींचं: पाच मिलिलिटरमध्ये १२५ आणि २५० मिलिग्रॅम. पहिल्याचे ७.२ मिलिलिटर, दुसऱ्याचे ३.६. केसपेपरवर नुसतं ‘दीड चमचा’ लिहिलं असेल तर नर्सने विचारलंच पाहिजे, कुठल्या बाटलीतला?

कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. विंचू चावलेली मुलं रात्री-अपरात्री येतात. प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देतोच, पण सोबत प्रतिविष द्यावं का, यावर पबमेडवर शोधायला गेलं की विंचवाच्या विषावरचे प्रयोगशाळेतलेच पेपर पुढ्यात येतात. नेमकं शोधायचं कसं? (वैद्यकीय अधिकारी, रत्नागिरी जिल्हा)

पबमेड हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा फुकट साठा. त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि दरवर्षी दहा लाखांवर भर पडते. त्यात ‘स्कॉर्पियन’ एवढंच टाकणं म्हणजे एसटी स्टँडवर उभं राहून ‘अहो पाटील’ अशी हाक मारणं.

आधी प्रश्न कागदावर चार तुकड्यांत लिहा. शिकवताना याला ‘पिको’ म्हणतात. रुग्ण कोण: लाल विंचू चावलेलं मूल, घाम, उलट्या, हातपाय गार, पण फुप्फुसात पाणी नाही. उपाय काय: प्राझोसिन आणि प्रतिविष. कशाशी तुलना: नुसतं प्राझोसिन. काय मोजायचं: लक्षणं किती तासांत ओसरली, फुप्फुसात पाणी झालं का, मूल वाचलं का. चौथा तुकडा शोधताना सहसा टाकायचा नाही. तो पेपर वाचताना कामाला येतो.

आता शब्द. विंचवासाठी ‘स्कॉर्पियन स्टिंग’ आणि ‘स्कॉर्पियन एन्व्हेनोमेशन’ हे दोन्ही घ्या, मध्ये मोठ्या अक्षरांत ‘ऑर’, आणि सगळं कंसात. दुसऱ्या कंसात ‘अँटिव्हेनम’, ‘अँटिव्हेनिन’, ‘प्राझोसिन’. दोन कंसांच्या मध्ये ‘अँड’. पबमेडच्या विषयसूचीत, म्हणजे ‘मेश’मध्ये, विंचूदंशासाठी स्वतंत्र शीर्षक आहे, तेही पहिल्या कंसात घाला. नुसतं मेशवर मात्र थांबू नका: पबमेडमधल्या काही पेपरांना मेशचं लेबल लागलेलंच नसतं.

आपल्या विंचवाचं शास्त्रीय नाव बदललं आहे, इथे बरेच जण फसतात. जुन्या पेपरांत तो ‘ब्यूथस टॅम्युलस’, मग बरीच वर्षं ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’, आता ‘हॉटेनटोटा टॅम्युलस’. एकाच नावाने शोधलं तर बाकीची वर्षं गळतात. नुसतं ‘टॅम्युलस’ टाकलं की तिन्ही सापडतात. अवतरणचिन्हांचंही तसंच. शब्द अवतरणात टाकला की पबमेड स्वतःहून पर्यायी शब्द शोधायचं थांबवतं. फुप्फुसातल्या पाण्याच्या ‘इडिमा’चं स्पेलिंग भारतीय आणि ब्रिटिश पेपरांत ‘ओ’ने सुरू होतं, अमेरिकनांत ‘ई’ने. अवतरणात एकच घातलंत तर निम्मं जग दिसेनासं होतं.

डावीकडे गाळण्या असतात. ‘रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल’ (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्ण गटांत वाटून केलेली तुलना) आणि ‘सिस्टेमॅटिक रिव्ह्यू’ (अशा अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) यांवर टिक करा, म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर बाजूला होतात. ‘गेली पाच वर्षं’ वर टिक करू नका. तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात जवळचं उत्तर २०११ सालचं आहे, त्या गाळणीने नेमकं तेच जातं. ‘फ्री फुल टेक्स्ट’वरही नको. फुकट काय मिळतं यावरून खरं काय ते ठरत नाही.

एवढं केल्यावर वाचण्यासारख्या तीन ट्रायल घेऊ.

पहिली २००९ची, अमेरिकेतल्या ॲरिझोनाची. पंधरा मुलं. प्रतिविष मिळालेल्या आठही मुलांची लक्षणं चार तासांत गेली, न मिळालेल्या सातांपैकी एकाचीच. निकाल झगझगीत आहे. पण तिथला विंचू ‘सेंट्रुरॉइडिस’ जातीचा. त्याच्या विषाने डोळे गरगर फिरतात, हातपाय झटकले जातात. तुमच्याकडे मूल दगावतं ते हृदय आणि फुप्फुसामुळे.

दुसरी १९९९ची, ट्युनिशियाची, ८२५ रुग्ण. कितीही सौम्य-तीव्र दंश असो, सरसकट प्रतिविष दिलं. फायदा दिसला नाही. विंचू पुन्हा वेगळे, आणि ज्याला नुसतीच वेदना आहे अशा रुग्णाला प्रतिविष देऊन आणखी काय सुधारणार? अशा गर्दीत गंभीर रुग्णांचा फायदा झाला असला तरी बुडून जातो.

तिसरी महाडची. डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची, २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली. विंचू तुमचाच. सत्तर रुग्ण, पस्तीस-पस्तीस. प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही मिळालेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले, नुसतं प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ८. म्हणजे ९१ टक्के विरुद्ध २३. फरक ६८ टक्क्यांचा. तीन मुलांना प्राझोसिनसोबत प्रतिविषही दिलं तर त्यातली दोन दहा तासांच्या आत मोकळी होतात, जी एरवी झाली नसती. इतका मोठा फरक वैद्यकात क्वचित दिसतो.

पण याच पेपरची ‘पद्धती’ची पानं वाचा, सारांशावर थांबू नका. ट्रायल उघडी होती, कोणाला काय दिलं ते डॉक्टरला ठाऊक होतं. ‘लक्षणं गेली’ हे डोळ्यांनी ठरवायचं असेल तर मनातला कौल त्यात उतरू शकतो. घेतलेले रुग्ण दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे स्वायत्त मज्जासंस्थेचं वादळ (घाम, उलट्या, हातपाय गार) उठलेलं आहे पण फुप्फुसात पाणी नाही, असे. फेसाळ थुंकी, म्हणजे फुप्फुसात पाणी, घेऊन आलेल्या मुलाबद्दल ही ट्रायल थेट काही सांगत नाही. आणि मोजली ती बरं होण्याची वेळ. मृत्यू हा मुख्य निकष नव्हता. या मर्यादा धरूनही, तुमच्या प्रश्नाला तिन्हींपैकी हीच लागू पडते: विंचू तोच, मात्रा तीच, साधनं तुमच्यासारखीच. पंधरा मुलांची असो नाहीतर सव्वाआठशे रुग्णांची, बाकीच्या दोन ट्रायल दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाची उत्तरं आहेत.

तेव्हा आमचं मत असं: दुसऱ्या श्रेणीचं मूल असेल आणि प्रतिविष शीतपेटीत असेल तर प्राझोसिनसोबत द्यावं, ॲलर्जीची तयारी हाताशी ठेवून. नुसती वेदना असेल तर देऊ नये. प्रतिविष नसेल तर त्यासाठी प्राझोसिन एक मिनिटही थांबवू नये. डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या मुलाला ४५० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या साध्या गोळीचा जेमतेम अर्धा भाग. साध्या गोळीचा, हे दोनदा वाचा. औषध हळूहळू सोडणारी मोठी गोळी तोडून चालत नाही, आणि दुकानात कित्येकदा तीच असते. रुग्णालयाच्या मागणीपत्रात ‘साधी, १ मिलिग्रॅम’ असं स्पष्ट लिहा. डोस दिल्यावर मुलाला आडवंच ठेवा. आई उचलून खांद्यावर घेते आणि रक्तदाब कोसळतो.

रुग्णालयातल्या बैठकीत एका डॉक्टरांनी सांगितलं की अपघातातल्या रक्तस्रावात ट्रानेक्झामिक ॲसिड या रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाने मृत्यूचा धोका ९ टक्क्यांनी कमी होतो. दुसरे म्हणाले, दीड टक्का. खरं कोणाचं? (परिचारिका, नाशिक)

दोघांचंही. २०१० सालच्या ‘क्रॅश-२’ या ट्रायलमध्ये ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांतले वीस हजारांवर रुग्ण होते. औषध न मिळालेल्यांत मृत्यू १६ टक्के, मिळालेल्यांत १४.५. वजाबाकी केली तर दीड टक्का. त्या दीडला सोळाने भागलं तर नऊ टक्के. औषध विकायला आलेला माणूस नेहमी नऊचा आकडा सांगतो, कारण तो मोठा दिसतो. तुम्ही दीडचा मागा. १०० भागिले १.५ केलं की ६७ येतात: इतक्या जखमींना औषध दिलं की एक जीव जास्तीचा वाचतो. स्वस्त औषधासाठी हा सौदा उत्तम आहे.

मात्र परिचारिकेने लक्षात ठेवायचा आकडा वेगळाच आहे: तीन तास. पुढच्या वर्षी त्याच रुग्णांची विगतवारी छापून आली. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने मृत्यू ५.३ टक्के, न मिळालेल्यांत ७.७. तीन तासांनंतर चित्र उलटं झालं: औषध मिळालेल्यांत ४.४, न मिळालेल्यांत ३.१. म्हणजे उशिरा दिलेलं औषध नुसतं वाया जात नाही, घातक ठरू शकतं. म्हणून केसपेपरवर ‘दाखल झाल्याची वेळ’ असते त्याच्या शेजारी ‘अपघाताची वेळ’ लिहा. नातेवाईक ‘आत्ताच झालं’ म्हणतात. त्यावर विसंबू नका. अँब्युलन्सला फोन कधी केला ते मोबाइलमध्ये बघायला सांगा. घाटात अपघात, तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग उपजिल्हा, मग सिव्हिल, अशा वरातीत तीन तास कधीच उलटतात. पहिला एक ग्रॅम जिथे पहिल्यांदा सलाइन लागतं तिथेच जायला हवा, दहा मिनिटांत. घाईने एकदम ढकलला तर रक्तदाब उतरतो. पुढचा एक ग्रॅम आठ तासांत. पाठवणीच्या चिठ्ठीवर पहिला डोस किती वाजता दिला ते लिहायचं विसरू नका, नाहीतर पुढचे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.

कोविडमध्ये भावासाठी प्लाझ्मा मिळवायला आम्ही जिवाचं रान केलं. नंतर म्हणाले, उपयोग नाही. मग आधी डॉक्टरांनी मागितला कशाच्या पुराव्यावर? (शिक्षक, पुणे)

तुमचा राग रास्त आहे. सुरुवातीला हाताशी होतं ते एवढंच: बरे झालेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं असतात, आणि प्लाझ्मा दिलेले काही रुग्ण बरे झाले. पण प्लाझ्मा न दिलेलेही बरेच जण बरे होत होते. तुलनेला दुसरा गट नसेल तर श्रेय कुणाला, हे सांगताच येत नाही.

तो दुसरा गट भारतानेच उभा केला. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) ‘प्लॅसिड’ ट्रायलमध्ये ३९ रुग्णालयांतले ४६४ रुग्ण होते. आजार बळावला किंवा मृत्यू आला असे प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के, न मिळालेल्यांत १८. हे ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आलं. राष्ट्रीय सूचनांतून प्लाझ्मा निघाला मे २०२१मध्ये. या मधल्या सात महिन्यांना पुराव्याची उणीव हे कारण देता येणार नाही. नातेवाइकांचा दबाव आणि ‘काहीतरी केलं पाहिजे’ ही डॉक्टरांची घालमेल, दोन्ही होतं. आम्हाला विचाराल तर दुसरी लाट प्लाझ्माच्या फोनांशिवाय जायला हवी होती.

याच काळात डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड टिकलं, तेही ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलवर: व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. हा दुसरा अर्धा भाग बाहेर कुणी ऐकलाच नाही. घरी बसलेल्या सर्दी-तापाच्या रुग्णांनीही स्टेरॉईड घेतलं.

आमच्या लहान खासगी रुग्णालयाला वर्गण्या परवडत नाहीत. फुकटात काय मिळतं? (डॉक्टर, लातूर)

बरंच. आयसीएमआरचे ‘स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो’ एकेका पानाचे आहेत. इथल्या औषधांच्या आणि तपासण्यांच्या हिशेबाने केलेले, ओपीडीच्या भिंतीवर लावता येतील असे. कॉक्रेन या संशोधकांच्या जागतिक संस्थेच्या पद्धतशीर आढाव्यांचा सारांश सगळ्यांना खुला असतो आणि बहुतेक प्रश्नांत तेवढा पुरतो. पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर मिळतात. न मिळालेल्यासाठी लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. पत्ता बहुधा लेखकांच्या माहितीत असतो. भारतातल्या ट्रायलची नोंद ‘सीटीआरआय’वर बघा: सुरुवातीला काय मोजायचं ठरवलं होतं आणि पेपरात काय छापलं, हे ताडून पाहायला यासारखी जागा नाही. निकष मध्येच बदललेला दिसला की पेपर बाजूला ठेवावा.

१ जानेवारी २०२५पासूनची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन नियतकालिकं खुली करणारी योजना सरकारी संस्थांसाठी आहे, तुम्हाला थेट लागू नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा किंवा शिकणारा मित्र असेल तर ग्रंथालयाची चौकशी करा.

एआय चॅटला विचारलं की संदर्भांसकट उत्तर मिळतं. ते वापरावं का? (इंटर्न, नागपूर)

शोधायचे शब्द सुचवायला वापरा. संदर्भ मात्र एकेक तपासा, कारण लेखक खरे, नियतकालिक खरं आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही, असं होतं. पबमेडच्या प्रत्येक नोंदीला ‘पीएमआयडी’ नावाचा क्रमांक असतो. तो पबमेडच्या चौकटीत टाका. काहीच आलं नाही किंवा भलताच पेपर उघडला, तर ते उत्तर सोडून द्या. पेपर सापडला तरी वर ‘रिट्रॅक्टेड’ (मागे घेतलेला) अशी पट्टी आहे का बघा. कोविडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावरचा, ९६ हजार रुग्णांचा म्हणून गाजलेला ‘लॅन्सेट’मधला पेपर मे २०२०मध्ये आला आणि दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला. पबमेडवर तो आजही सापडतो, फक्त त्या पट्टीसकट. आधीच उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर ती पट्टी नसते, म्हणून जुनी पीडीएफ वापरण्याआधी क्रमांक पुन्हा एकदा टाकून बघा.